प्रिंटर, मुक्काम पोस्ट राउटर

आमच्या घरात पूर्वी पेनड्राइव्ह चालत असे. म्हणजे तो हातात घेऊन मीच चालत असे. लेकीच्या खोलीतून प्रिंटरकडे, प्रिंटरकडून बाबांकडे. एकदा तो पँटीच्या खिशातून वॉशिंग मशिनमध्ये गेला आणि दोन दिवस तांदळाच्या डब्यात काढून पुन्हा चालू झाला. तेव्हा मी जाहीर केलं, आता घरात प्रिंटर एक, हार्ड डिस्क एक, आणि सगळ्यांनी बसल्या जागेवरून वापरायचं.

हार्ड डिस्क राउटरच्या यूएसबीत खोचली. ती बाबांच्या जुनाट लॅपटॉपला लगेच दिसली, माझ्या नव्याकोऱ्याला दिसेना. दोन रविवार घालवल्यावर उलगडा झाला. राउटरला एसएमबी-१ ही फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत तेवढी येत होती. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय व्हायरसने त्याच पद्धतीतल्या भोकातून जगभर धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षी विंडोज १० ने ती आपणहून देणं बंद केलं. थोडक्यात, बाबांचा लॅपटॉप आणि राउटर यांचा मोडीत पत्रव्यवहार चालला होता, आणि माझ्या लॅपटॉपला मोडी येत नव्हती.

नवा राउटर आणला. त्याच्यात एसएमबीच्या नव्या पद्धतीने फायली देणारा सांबा होता. हा प्रोग्रॅम अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाचा. नाव हवं होतं म्हणून त्याने शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द हुडकले. लेकीच्या बारशाला पत्रिकेतल्या आद्याक्षरासाठी आम्हीही इतकी शोधाशोध केली नव्हती.

डिस्क मार्गी लागली. प्रिंटरने मात्र दावा मांडला.

रात्री साडेनऊला लेकीला आठवलं, की उद्या ‘पाण्याचं चक्र’ द्यायचंय. आठवण नेहमी साडेनऊलाच होते. संध्याकाळी लाइट जाऊन आलेली. लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन. प्रिंटर समोर, हिरवा दिवा लावून बसलेला. लेकीने पुन्हा प्रिंट दाबलं. पुन्हा दाबलं. आतून बाबा ओरडले, “अरे, माझा हयातीचा दाखलापण संध्याकाळपासून अडकलाय!” बसल्या जागेवरून काम व्हावं म्हणून केलेल्या सोयीने सगळं घर उभं राहिलं.

दोष राउटरचा. तो घरातल्या यंत्रांना पत्ते देतो, पण अकरा महिन्यांच्या करारावर घर देतात तसे. मुदत संपली किंवा लाइट गेली, की कोण कुठे राहील याचा नेम नाही. प्रिंटर १९२.१६८.१.७ वर राहत होता. लाइट आल्यावर टीव्ही आधी जागा झाला आणि सातवर जाऊन बसला. आमचे सगळे लॅपटॉप इमानेइतबारे टीव्हीला पाण्याचं चक्र पाठवत होते.

“मग त्याला कायमची खोली द्या ना,” बायको म्हणाली. तांत्रिक भाषेत उपाय नेमका तोच. प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कारखान्यात मिळालेली त्याची जन्मखूण, राउटरमध्ये नोंदवली आणि पन्नास नंबर त्याच्या नावे राखून ठेवला. लॅपटॉपांनाही नवा पत्ता कळवला.

सव्वाअकराला प्रिंटर खाकरला. बाबांचा दाखला आला. मग पाण्याचं चक्र. मग आणखी एक. लेकीने किती वेळा बटण दाबलं होतं ते तेव्हा कळलं: चौदा. चौदा वेळा ढग, चौदा वेळा पाऊस, आणि नवव्या प्रतीपासून निळी शाई संपल्यामुळे गुलाबी समुद्र.

गुलाबी समुद्रांच्या पाठकोऱ्या बाजूवर बाबा आता दुधाचा हिशेब लिहितात. आणि त्यांच्या फोनच्या डायरीत ‘प’ खाली, पाटीलकाका आणि प्लंबर यांच्या खालोखाल, एक नवी ओळ आहे: प्रिंटर, १९२.१६८.१.५०. पुढे कंसात ‘रात्री उशिरा लागतो’.