टीचभर खेळणं, वीतभर वायर

निशी-कसाई, टोकियो
रविवार, रात्री

ती. आई-बाबा,

पत्रास कारण, तुमच्या चिरंजीवांची पाठ धरली आहे. फोनवर ते "थोडी कणकण आहे" म्हणाले ते खरं नव्हे. चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ काल टीव्हीपुढे हातभर अंतरावर मांडी घालून चार तास व्हिडिओ गेम खेळला. तुमची सून ही चहाडी करत नाही, नुसती बातमी कळवते आहे.

अकिहाबारा म्हणून इथे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. बाबांच्या भाषेत तपकीर गल्लीच, फक्त मजल्यावर मजले चढवलेली. तिथून चिरंजीव एक डबा घेऊन आले. आत जुन्या व्हिडिओ गेमचा तळहातावर मावेल असा 'मिनी' अवतार. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, बाबा सोसायटीभर सांगतील. १९९६ साली बाबांनी तपकीर गल्लीतून आणलेल्या गेमची आठवण म्हणून ही खरेदी झाली, असं निवेदन मिळालं. किंमत मात्र निवेदनात नव्हती.

डब्यात अडॅप्टर नव्हता, तेव्हा फोनचा चार्जर लावला. मग कंट्रोलरची वायर सोफ्यापर्यंत पोचेना. टीव्ही पुढे ओढला तर टीव्हीचीच वायर कमी पडली. शेवटी चिरंजीव पंगतीला बसल्यासारखे खाली बसले. तेही एका अर्थी बरंच झालं, कारण दुसरा गेम लावायचा तर त्या खेळण्यावरचंच बटण दाबावं लागतं.

तुमच्या नातीने आधी कॅसेटचं झाकण उघडून पाहिलं. ते उघडेना. झाकण नव्हतंच, झाकणाची रेघ होती. गेम सगळे आतच भरलेले, बाहेरची कॅसेट लागायची सोयच नाही. तरी चिरंजीवांनी त्या रेघेवर सवयीने एक फुंकर मारली. आई, तुम्हाला आठवत असेल, कॅसेटमध्ये फुंकण्यात ते साऱ्या वाड्यात पटाईत समजले जायचे. फुंकरीने खरं तर काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा नीट बसायची म्हणून गेम चालू व्हायचा, आणि तोंडातली वाफ आतल्या पिना गंजवायची ती वेगळीच. ही माहिती त्यांना अजून दिलेली नाही. पाठ आधी बरी होऊ दे.

खरेदी फसली म्हणायला मन होईना. म्हणून रात्री चिरंजीवांनी जगातल्या सगळ्या मिनींची माहिती काढली आणि 'आपणच एकटे नाही' हे सुनेला पुराव्यानिशी सांगितलं. निन्टेन्डोने २०१६ साली अमेरिकेत एनईएस क्लासिक काढला, त्याच्या कंट्रोलरची वायर मीटरभरसुद्धा नव्हती. तरी लोक रांगा लावून घेत होते, आणि कंपनीने २०१७ च्या एप्रिलमध्ये उत्पादनच थांबवलं. पुढच्या वर्षी ते परत सुरू झालं. त्याच्या जपानी भावाचे, फॅमिकॉम मिनीचे कंट्रोलर तर मशीनच्या प्रमाणातच आक्रसलेले, आणि मशीनलाच कायमचे जोडलेले. मोठ्या माणसाच्या अंगठ्याने एक बटण दाबायला जावं तर शेजारचंही दाबलं जावं. कमोडोर ६४ चा मिनी २०१८ साली आला, त्याचा कीबोर्ड नुसता शोभेचा, रुखवतातल्या बंगल्यासारखा.

पण पहिला नंबर सेगाच्या गेम गिअर मायक्रोचा. कंपनीच्या साठीनिमित्त २०२० साली तो जपानात विकायला आला. पडदा १.१५ इंचांचा, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. एका रंगाच्या डब्यात गेम चारच. चारही रंग एकदम घेणाऱ्याला भेट काय, तर पडद्यावर लावायचं भिंग! त्यातले काही गेम पानंच्या पानं संवाद वाचायला लावणारे आहेत. बाबांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पंचांग वाचलं होतं, तोच थाट.

सोनीची गंमत निराळी. २०१८ च्या डिसेंबरात प्लेस्टेशन क्लासिक शंभर डॉलरला आला. अमेरिकेत विकलेल्या वीस गेमांपैकी नऊ युरोपातल्या ५० हर्ट्झच्या आवृत्तीतले निघाले. अमेरिकेतला टीव्ही ६० हर्ट्झचा, त्यामुळे मारामारी संथ आणि अडखळत. वर्ष संपायच्या आत किंमत साठ डॉलरवर उतरली. यावर चिरंजीव खदाखदा हसले. सुनेने एवढंच विचारलं, की भारतातला टीव्हीसुद्धा ५० हर्ट्झचाच ना? मग १९९६ सालचा आपला मारिओ तरी बहुधा सावकाशच पळत होता. हसणं थांबलं.

खरं दुःख पुढेच आहे. बंदुकीने बदकं मारायचा गेम त्यांना हवा होता. तो एनईएस क्लासिकच्या तिसांतही नाही, आणि असून उपयोगही नव्हता. ती बंदूक जुन्या डबा टीव्हीवरच चाले. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतला डोळा तो उजेड टिपे. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आताचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला जरा वेळ घेतो, तेवढ्यात बदक उडून जातं. त्याच वेळकाढूपणामुळे मारिओ खड्ड्यात पडतो, असं चिरंजीवांचं म्हणणं आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावल्यावर उशीर कमी झाला. पडणं तेवढंच राहिलं.

तुमची नात मात्र पडत नाही. या मिनींमध्ये कुठेही खेळ थांबवून ती जागा राखून ठेवता येते. ती प्रत्येक उडीआधी जागा राखते, चुकली की मागे येते. तासाभरात तिने पुष्कळ मजल मारली. "ही लबाडी आहे," चिरंजीव म्हणाले. "आमच्या वेळी आजी जेवायला हाक मारून स्विच बंद करायची, की सगळं पहिल्यापासून!" नात म्हणाली, "मग आजी तुमचा शेवटचा राक्षस होती."

आता मुद्द्याचं. चिरंजीवांना 'कॉन्ट्रा' हा गेमही हवा आहे. त्याचा पहिला भाग फॅमिकॉम मिनीत नाही, तिथे त्याचा पुढचा भाग आहे. तेव्हा चिरंजीवांनी १९९३ चा, एव्ही वायरने टीव्हीला लागणारा मोठा फॅमिकॉम जुन्या बाजारात बघून ठेवला आहे. आपल्याकडच्या कॅसेट त्याच मापाच्या, त्याला बसतील असं म्हणतात. माळ्यावर निळ्या ट्रंकेत, चादरींच्या खाली, 'कॉन्ट्रा'ची पिवळी कॅसेट असेल. तेवढीच पाठवा. जुन्या गेमचं मशीन नको, इथे घरात वीज १०० व्होल्टची आहे, आपला अडॅप्टर चालायचा नाही.

आणि एक. ती कॅसेट मूळची खालच्या काकूंच्या बंड्याची आहे. १९९७ च्या मे महिन्यात दोन दिवसांसाठी आणलेली. पार्सल करताना काकू आल्या, तर ट्रंकेवर चादर टाका.

तुमची सून