दोघांत तिसरा

दोन स्पीकरच्या स्टिरिओला सबवूफर जोडतात तो त्या दोघांना जे झेपत नाही तेवढ्यापुरता. फडताळावर मावणाऱ्या, पाच-सहा इंची वूफरच्या स्पीकरचा आवाज साधारण ५०-६० हर्ट्‌झच्या खाली झपाट्याने पडतो. आवाज तेवढाच मोठा राखून सूर एक सप्तक खाली न्यायचा, तर चौपट हवा हलवावी लागते. ८० हर्ट्‌झला एक मिलिमीटर हलणाऱ्या कोनाला ४० ला चार आणि २० ला सोळा मिलिमीटर हलावे लागेल. पाच इंची कोन तेवढा हलू लागला तर फाटेल तरी किंवा बाहेर तरी येईल. म्हणून हे काम मोठ्या कोनाच्या आणि स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर पोटात बाळगणाऱ्या वेगळ्या पेटीकडे सोपवतात. पेटीबरोबर तीन-चार नॉब येतात, एक पुस्तिका येते जी कोणी वाचत नाही, आणि पुढील संवाद येतो.

संवादाची जागा पुण्यातल्या एका फ्लॅटचा हॉल: लांबी १४ फूट, रुंदी १०, उंची साडेनऊ. पात्रे चार. हौशी, ज्याने पेटी आणली. जाणकार, ज्याला चहाला म्हणून बोलावले. गृहिणी, जिला कोणी काही विचारलेले नाही. आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा.

हौशी : काका, काय दणका आहे! खिडकीची तावदानं वाजतात.

जाणकार : तावदानं वाजवायला घेतलास का?

हौशी : तसं नाही. पण एवढे पैसे मोजलेत, ते ऐकू यायला नकोत?

जाणकार : नेमकं तेच नको. बरं, ऐकतोस काय?

हौशी : ख्याल. जास्त करून जुन्या मैफली.

जाणकार : गायक काळी एकचा असला तर तंबोऱ्याचा खर्ज येतो ६९ हर्ट्‌झच्या आसपास. त्याच्या खाली मैफलीत फारसं काही नसतं. कोणी माइकच्या स्टँडला पाय लावला, तर ते.

हौशी : म्हणजे पैसे पाण्यात?

जाणकार : पाण्यात नाही. तुझ्या स्पीकरांना ६९ म्हणजे शेवटची पायरी, तिथे ते धापा टाकतात. तो खर्ज आता आरामात येईल. फक्त भूकंपाची अपेक्षा सोड.

ख्यालाबाहेर मात्र खाली बरेच काही असते. डबल बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्‌झची, पियानोची शेवटची पट्टी २७.५ ची, आणि चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनची ३२ फुटी नळी १६ हर्ट्‌झच्या जरा वर बोलते. हौशीकडे ऑर्गनची एकही रेकॉर्ड नसते. तरी हा शेवटचा आकडा तो आठवडाभर ऑफिसात सांगत हिंडतो.

पेट्या मुख्यतः दोन जातींच्या. बंद पेटीचा आवाज खाली जाताना सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो. भोकाच्या पेटीचा जास्त खोलवर टिकतो, पण एकदा पडू लागला की २४ ने कोसळतो. लहान खोलीत, संगीतासाठी, बंद पेटी जुळवायला सोपी. “वेगवान बेस” नावाचा जो माल दुकानात मिळतो त्याकडे दुर्लक्ष करावे. ४० हर्ट्‌झच्या एका आवर्तनाला २५ मिलिसेकंद लागणारच, पेटी कितीही महाग असो. बेस आळशी वाटतो तो बहुधा सूर थांबल्यावरही खोली घुमत राहते म्हणून.

यानंतर वायर. हौशीने ती आधीच लावलेली असते.

जाणकार : बाई कोपऱ्यात जाऊन का गातायत?

हौशी : मलाही तेच वाटलं. वायर तर बरोबर आहे. पेटीवर एलएफई लिहिलंय, तिथेच दिलीय.

जाणकार : ते सिनेमाचं. स्टिरिओत तो चॅनेलच नाही. त्या भोकातून आत गेलं की पेटीतला क्रॉसओव्हर बाजूला पडतो, आणि पेटी जमेल तेवढं सगळंच वाजवत बसते.

जोडणीचे मार्ग दोन. अ‍ॅम्प्लिफायरला प्री-आउट किंवा सब-आउट असेल तर तिथून साधी पिनची केबल पेटीच्या लाइन इनपुटला द्यावी. रेकॉर्ड-आउटवरून देऊ नये. त्यावर व्हॉल्यूमच्या नॉबचा काहीच अंमल नसतो, आणि हे रात्री अकराला कळते. प्री-आउट नसेल तर स्पीकरच्याच टर्मिनलवरून हाय-लेव्हल इनपुटला वायर नेता येते. यात अ‍ॅम्प्लिफायरवर भार जवळजवळ शून्य पडतो आणि त्याचा जो काही स्वभाव असेल तो सबवूफरलाही मिळतो. मात्र ज्या अ‍ॅम्प्लिफायरची काळी टर्मिनलेही ‘जिवंत’ असतात, म्हणजे ब्रिज केलेले आणि बरेचसे क्लास-डी, तिथे पेटीची काळी वायर टर्मिनलला लावायची नसते. ती कुठे लावायची हे त्या पुस्तिकेत असते, जी कोणी वाचत नाही.

हौशी : आणि ही घुंऽऽ अशी गुणगुण? इलेक्ट्रिशियन म्हणाला, प्लगची जाड पिन कापून टाका, थांबेल.

जाणकार : थांबेल. पेटीत कधी बिघाड झाला तर तूही थांबशील. ती अर्थिंगची पिन आहे. पेटी कुठे लावलीस?

हौशी : लांबच्या प्लगला. फ्रिजशेजारी.

जाणकार : अ‍ॅम्प एका प्लगला, पेटी दुसऱ्याला, अर्थिंग दोन वाटांनी फिरतंय. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घे.

बोर्ड बदलल्यावर ५० हर्ट्‌झची गुणगुण जाते. जाड पिन वाचते.

आता जागा, आणि सगळ्या कामातला मोठा वाटा हाच आहे. खालच्या सुरांत माणूस स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची अर्धी लाट नेमकी मावली की तो सूर तिथे उभा राहतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागले की तो सूर मिळतो. १४ फुटांना ४० हर्ट्‌झ, १० फुटांना ५६, आणि साडेनऊ फूट उंचीला ५९. शेवटचे दोन आकडे एकमेकांना खेटून आहेत ही या हॉलची खोड; एकाच जागी दोन फुगवटे येतात. शिवाय असा सूर भिंतीजवळ सर्वांत मोठा आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा असतो. आरसीसीचा स्लॅब आणि विटांच्या पक्क्या भिंती बेस फारसा शोषत नाहीत, त्यामुळे जे फुगते ते चांगलेच फुगते.

गृहिणी : मला कधीपासून विचारायचंय. इथे भिंतीला लागून बसलं की पोटात ढुम्म होतं. मधे बसलं की तोच सूर जातो कुठे?

हौशी : तुझा भास असेल.

जाणकार : भास नाही. रुंदीचे ५६ हर्ट्‌झ मधोमध मरतात आणि भिंतीशी फुगतात. या घरात मोजायला माइक आणायची गरज नाही.

पेटी कोपऱ्यात ठेवली की खोलीचे सगळेच उभे सूर एकदम जागे होतात. आवाज फुकटात वाढतो, म्हणून दुकानदार कोपरा सुचवतो आणि गृहिणींनाही तोच पसंत असतो. चांगली जागा शोधायची रीत उलटी आहे: पेटी ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायची आणि ऐकणाऱ्याने पेटीच्या संभाव्य जागांवर कान न्यायचा. पेटी आणि कान यांनी जागांची अदलाबदल केली तरी ऐकू येते ते तेच. कान मात्र पेटीच्या उंचीवर हवा.

त्याप्रमाणे सबवूफर सोफ्यावर मधोमध, उशीला टेकून बसतो. डबल बेसची एक संथ रेकॉर्ड लागते आणि हौशी भिंतीच्या कडेने हातापायांवर निघतो. शोकेसपाशी एक सूर फुगतो. टीव्हीच्या डाव्या अंगाला दोन सूर गळतात. कुंडीजवळ सगळे सूर एका मापाचे येतात, आणि तो तिथेच गाल फरशीला लावून, डोळे मिटून पडतो. दार उघडेच असते.

आजोबा : काय हरवलं?

गृहिणी : बेस.

आजोबा : तो खाली आलाय आमच्याकडे. तासभर झाला.

क्रॉसओव्हर म्हणजे वरचे काम स्पीकरांकडे आणि खालचे पेटीकडे सोपवण्याची रेषा. ८० हर्ट्‌झच्या खाली आवाज कुठल्या दिशेने आला ते कानाला सहसा कळत नाही, म्हणून पुष्कळजण ही रेषा तिथे आखतात. इथे दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटीव्यवहार नाही. एक पंथ स्पीकरांना पूर्ण वाजू देतो आणि ते जिथे उतरू लागतात तिथे, ४५-५५ ला, पेटी हळूच खालून लावतो. दुसरा पंथ स्पीकरांनाही हाय-पास फिल्टर घालून ८० च्या खालचे काम त्यांच्याकडून काढूनच घेतो. लहान स्पीकरांना दुसरा जास्त मानवतो. कोनाची धावपळ कमी होते आणि मधला आवाज निवळतो. अडचण अशी की बहुतेक इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा फिल्टर नसतो, त्यामुळे पंथ निवडण्याचे स्वातंत्र्य पुष्कळदा खिसाच हिरावून घेतो.

रेषेच्या आसपास दोन्हीकडून एकच सूर येतो, तेव्हा दोघांनी एकाच वेळी ढकलायला हवे. ८० हर्ट्‌झची लाट ४.३ मीटर लांब. पेटी स्पीकरांपेक्षा सात फूट लांब असली तर ती नेमकी उलट ढकलते आणि सूर नाहीसा होतो. फेजचा नॉब याच्यासाठी असतो.

हौशी : फेज शून्यावर ठेवलाय. तेच शुद्ध असणार ना?

जाणकार : शून्य शुद्ध आणि १८० भेसळ असं नसतं. रेषेवरचा सूर लाव, ८० चा, सतत. वहिनी, तुम्ही सोफ्यावर बसा. हा नॉब फिरवेल. जिथे सूर सर्वांत मोठा वाटेल तिथे थांबवा.

हौशी : बसतो की मीच. कान माझे तयार आहेत.

जाणकार : तुझे कान तुझ्या पैशांच्या बाजूने आहेत.

गृहिणी : थांब. मागे. अजून थोडा. तिथे.

नॉब १२० च्या जवळपास थांबतो. मोठेपणापेक्षा नाहीसे होणे कानाला अधिक नेमके कळते, म्हणून खात्रीसाठी पेटीची पोलॅरिटी उलटी करून सूर सर्वांत क्षीण होतो ती जागा शोधतात आणि मग पोलॅरिटी पुन्हा सुलटी करतात.

उरतो पेटीचा व्हॉल्यूम, आणि इथेच बहुतेक सबवूफर बिघडतात. खालच्या सुरांत दोन-तीन डेसिबलचा फरकही कानाला मोठा वाटतो.

हौशी : आता ऐकूच येत नाहीये.

जाणकार : बंद कर बरं पेटी.

(बंद होते. गवई एकदम कागदावर छापल्यासारखा होतो.)

गृहिणी : अगंबाई! खोलीच लहान झाली.

जाणकार : तंबोऱ्यावर बसलेला शिष्य. ऐकायला कोणी येत नाही, पण उठून गेला की बुवा उघडे पडतात.

हौशी : पण काका, शिष्याला बुवांपेक्षा जास्त बिदागी देऊन बसलोय मी!

ज्यांचे कानांवर भागत नाही त्यांच्यासाठी मोजमाप आहे. कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझर्ड हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरते. आलेखात टेकड्या दिसतात तशा दऱ्याही. इक्वलायझरने टेकड्या कापाव्यात. दऱ्या भरू नयेत. दरी होते ती थेट आलेला आणि भिंतीवरून परतलेला आवाज एकमेकांना खोडतात म्हणून; आवाज वाढवला तर दोन्ही सारखेच वाढतात आणि बाकी शून्यच राहते. अ‍ॅम्प्लिफायर मात्र तापतो.

आजोबांची तक्रारही मोजायला घेतली जाते.

हौशी : आजोबा, हे बघा मीटर. रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आपण ४० वर आहोत.

आजोबा : मग माझा पलंग का थरथरतो?

जाणकार : मीटर ‘ए’ पट्टीवर आहे, आजोबा. ती पट्टी ४० हर्ट्‌झला जवळजवळ ३५ डेसिबल कमी धरते. कायद्याने शांतता आहे, पलंगाला नाही.

हौशी : पेटीखाली रबराचे पॅड टाकू?

जाणकार : टाक. पेटीची थरथर फरशीत उतरायची थांबेल. हवेतून स्लॅब हलतो त्याला पॅड काय करणार? दहानंतर पेटी बंद.

आणखी सुधारणा हवी असेल तर उपाय एकच राहतो, आणि तो सांगताना जाणकार आधी गृहिणीकडे पाहतो.

जाणकार : दुसरा सबवूफर.

गृहिणी : म्हणजे दुप्पट आवाज?

जाणकार : उलट. आवाज तेवढाच, कष्ट निम्मे. आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला तर त्या दोन भिंतींमधला उभा सूर दोघे मिळून खोडतात. एकाच मॉडेलचे दोन घ्यायचे, आणि दोघांना एकच मोनो सिग्नल द्यायचा.

हौशी : डावी-उजवी भिंत?

गृहिणी : डाव्या भिंतीच्या मध्यावर बेडरूमचं दार आहे.

जाणकार : मग पुढची-मागची.

हौशी : मागे सोफा आहे भिंतीला लागून.

जाणकार : सोफा दीड-दोन फूट पुढे घे. तसंही भिंतीला पाठ लावून बसलं की लांबीचे ४० हर्ट्‌झ फुगूनच ऐकू येतात.

हौशी : मग त्या दिवशी रांगलो ते?

जाणकार : ते एका पेटीचं आणि भिंतीला लागलेल्या सोफ्याचं होतं. आता व्हॉल्यूम, फेज, सगळं पहिल्यापासून. वहिनी, रविवारी मोकळ्या आहात का?