शून्य ते शंभर, मार्गे टचस्क्रीन

विजेवरची मोटार घ्यायचं एखाद्या मराठी घरात ठरलं की आधी गाडी येत नाही, तक्ता येतो. आमचे साडू सुधाकरराव बँकेतून कधीच निवृत्त झाले, पण रकाने आखायची सवय अजून नोकरीत आहे. त्यांनी एक्सेलमध्ये तीन उभे रकाने पाडले: किंमत, आतली व्यवस्था, पिकअप. आडव्या ओळींत गाड्या. तो तक्ता नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून वर लिहिलं, 'कृपया आपलं मत कळवावं.' न विचारता मत देणारी माणसं आम्ही. विचारल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको.

किमतीचा रकाना तसा सरळ वाटतो. विजेच्या गाडीला जीएसटी पाच टक्के, महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ, त्यामुळे एक्स-शोरूम ऐकून आलेलं हसू ऑन-रोड ऐकून फारसं मावळत नाही. २०२५च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींना सहा टक्के कर लावायचं राज्य सरकारनं जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत तो विचार सोडूनही दिला. सुधाकररावांचं बजेट तीस लाखांच्या गावालाही जाणारं नव्हतं, तरी बातमी वाचून त्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि चहा जास्त साखरेचा मागवला.

गोंधळ घातला तो बॅटरीच्या भाड्यानं. २०२४च्या सप्टेंबरात एमजीची विंडसर आली ती दोन भावांत: बॅटरीसकट साडेतेरा लाख, किंवा बॅटरीशिवाय ९ लाख ९९ हजार आणि वर दर किलोमीटरला साडेतीन रुपये. गाडी आपली, बॅटरीत मात्र आपण भाडेकरू! सुधाकररावांनी रात्री जागून हिशोब मांडला. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे एक लाख किलोमीटरला दोन्ही बाजू सारख्या. हे त्यांनी नीलाताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "अहो, पण एक लाख किलोमीटर जायचंय कुठे?"

तक्त्यातली खरी मौज पिकअपच्या रकान्यात. आमच्या पिढीचं पिकअप म्हणजे बोरघाटात दुसऱ्या गिअरवर मालट्रकला मागे टाकता येणं. आता ते सेकंदांत सांगतात, तेही दशांश चिन्ह घालून. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठायला टाटांची चारही चाकांना जोर देणारी हॅरिअर ६.३ सेकंद घेते, असं कंपनी म्हणते. ही जून २०२५ मध्ये आली, २८ लाख ९९ हजारांना. पुढच्याच महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं दुकान उघडलं. तिची मॉडेल वाय ५.९ सेकंद म्हणते आणि किंमत सांगते ५९ लाख ८९ हजार. परदेशातून अख्खी येते, आयात शुल्क भरून येते, तेव्हा हे व्हायचंच. पण सुधाकररावांतला बँकवाला स्वस्थ बसेना. चाळीस शतांश सेकंदाला सुमारे एकतीस लाख, म्हणजे सेकंदाचा भाव सत्त्याहत्तर लाख पडला! "या दरानं मी निवृत्तीनंतर जेवढे सेकंद पेपर वाचण्यात घालवले," ते म्हणाले, आणि पुढचा आकडा त्यांनी आम्हाला सांगितला नाही.

हा जोर येतो कुठून, तर विजेच्या मोटरच्या स्वभावातून. पेट्रोलच्या इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, मग जोर येतो. मध्ये क्लच, गिअर असे मानकरी. विजेची मोटर जागच्या जागी उभी असतानाच सगळा जोर घेऊन तयार असते. हे नवंही नाही. ताशी शंभर किलोमीटरची वेस ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. १८९९ साली पॅरिसजवळ कामिय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थानं तो पराक्रम केला. गाडीचा आकार टॉर्पेडोचा, आणि स्वारी कमरेपासून वर उघड्या वाऱ्यात. वारा कमी करायला तिथे कुठलं बटण नव्हतं, पण निदान ते शोधावंही लागलं नाही.

आता हा शंभरचा वेग पुण्यात वापरायचा कुठे? साडेसहा सेकंदांत शंभर गाठायला रस्ता लागतो साधारण शंभर मीटर. कर्वे रस्त्यावर सलग शंभर मीटर मोकळे मिळायचे तर दिवाळीच्या सुट्टीतली पहाट गाठायला हवी. राहिला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. तिथे सपाटीवर मोटारींना वेगमर्यादा शंभर, घाटात साठ, आणि वर कॅमेरे. म्हणजे सहाव्या सेकंदाला शंभर गाठायचे आणि सातव्याला चलान.

तरीही टेस्ट ड्राइव्हला आम्ही गेलोच. गाडी कुठली ते सांगत नाही. पुढे सुधाकरराव चालवायला, शेजारी सेल्समन, मागे मी आणि नीलाताई. त्यांच्या मांडीवर मंडईतून घेतलेल्या चिकूंची कापडी पिशवी. बाणेरच्या पुढे रस्ता जरा रिकामा दिसला तसा सेल्समन म्हणाला, "काका, स्पोर्ट मोड लावू का?" काकांनी मान हलवली आणि पाय दाबला. आवाज काहीच नाही. फक्त माझं डोकं मागे टेकलं, चष्मा नाकावर चढला आणि पिशवीतले चिकू नीलाताईंच्या पोटाशी गोळा झाले. पुढे रिक्षा आडवी आली. ब्रेकबरोबर तेच चिकू पुढे सुटले आणि सीटखाली पांगले. नीलाताई एवढंच म्हणाल्या, "मोजून बारा होते." अकरा मिळाले. बारावा सेल्समनच्या बुटाशी सापडला, तो त्यानं रुमालानं पुसून अदबीनं परत दिला.

पण परीक्षा पुढेच होती. ऊन मागच्या काचेतून येत होतं. नीलाताई म्हणाल्या, "जरा एसी वाढवा." सुधाकररावांचा उजवा हात स्टिअरिंगवर, डावा हवेत. त्यांच्या जुन्या गाडीत एसीचं गोल बटण होतं. अंधारात देवघरातल्या काडेपेटीवर हात जावा तसा त्यांचा हात त्याच्यावर जायचा, नजर रस्त्यावरच. इथे समोर नुसती चकचकीत काच. आधी घराचं चित्र, मग पंख्याचं, मग पंख्यातून आणखी एक पान. बोट एसीच्या दिशेनं निघालं आणि नेमका स्पीडब्रेकर आला. बोट उडालं ते शेजारच्या चित्रावर. क्षणभर काहीच झालं नाही. मग सुधाकरराव ताठ झाले.

"काय झालं?" मी विचारलं.

"गार वारा येतोय," ते म्हणाले, "पण खालून."

सीटमधला पंखा सुरू झाला होता. तो बंद करायला वेगळं पान होतं.

याला एका गाडीचा दोष म्हणता येत नाही, वारंच तसं आहे. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या एक्सईव्ही ९ईमध्ये १२.३ इंचांच्या तीन स्क्रीन या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं बसवल्या आहेत. टेस्लामध्ये एसीच्या झोताची दिशासुद्धा स्क्रीनवर बोट सरकवून ठरवायची आणि समोरचा कप्पाही स्क्रीनवरूनच उघडायचा. म्हणजे रुमाल काढायलाही संगणक! काच सुंदर दिसते, कंपनीला बटणं, तारा, साचे यांचा खर्च वाचतो, आणि आपण त्याला 'फीचर' म्हणून पैसे मोजतो. बटणं काढून घ्यायची आणि किंमत वाढवायची, हे व्यापारातलं कौशल्य मला मनापासून मान्य आहे.

स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या मोटारींच्या मासिकानं २०२२ मध्ये याचं मोजमापच घेतलं. ताशी ११० किलोमीटर वेगानं चालवताना एसी, रेडिओ, दिवे अशी चार साधी कामं करायला ड्रायव्हरला किती वेळ लागतो ते पाहिलं. बटणांची २००५ सालची जुनी व्होल्वो दहा सेकंदांत मोकळी झाली. तेवढ्यात ३०६ मीटर गेली. एमजीच्या मार्व्हल आर या विजेच्या गाडीला लागले ४४.९ सेकंद आणि १,३७२ मीटर. म्हणजे लक्ष काचेवर आणि गाडी सव्वा किलोमीटरच्या पुढे! सुधाकररावांना मी हा आकडा पाठवला. मोटरनं तीन-चार सेकंद कमावून द्यायचे आणि काचेनं पस्तीस खर्च करायचे, हा ताळेबंद त्यांना लगेच पटला. बँकेत त्यांनी असली खाती पुष्कळ पाहिली होती. युरोपात मोटारींना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपलाही पटला असावा. २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना खरंखुरं बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापायचं त्यांनी ठरवलं आहे. हॉर्न या यादीत आहे हे वाचून मला पुण्याची काळजी वाटेनाशी झाली.

तक्त्यात मग चौथा रकाना आला: बटणं. त्या रकान्यानं पहिल्या क्रमांकाची गाडी पाडली आणि पाचव्या क्रमांकाची वर आणली. ती स्वस्तही होती. पिकअपमध्ये दोन सेकंदांनी मागे, पण आमच्या घराण्यात दोन सेकंदांसाठी कोणाचं काही अडलेलं नाही. लग्नांना आम्ही तासाच्या हिशोबानं उशिरा पोचतो.

हिरव्या नंबरप्लेटची गाडी आता त्यांच्या सोसायटीत उभी असते. स्पोर्ट मोड त्यांनी एकदा, धाकट्या मेव्हण्याला दाखवायला लावला. एरवी ती इको मोडमध्ये असते, कारण रेंज चार किलोमीटरनं वाढलेली दिसली की त्यांना दिवसभर समाधान वाटतं. बटणं पसंत करून घेतली तरी थोडी स्क्रीन आहेच, आणि गाडीतली बाई इंग्रजीतून आज्ञा ऐकते. सुधाकररावांचं 'ट्वेंटी टू' तिला अजून समजलेलं नाही. त्यामुळे एसीचा कारभार नीलाताईंकडे गेला आहे. सुधाकरराव रस्त्यावरची नजर न काढता "बावीस कर गं" म्हणतात, त्या लगेच हात पुढे करून चोवीस करतात.