एका घरात दोन कारभारी

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स नांदवणं म्हणजे दोन भावांची वाटणी करून स्वयंपाकघर मात्र सामायिक ठेवणं. डिस्कचे तुकडे पडतात, कुणाला किती जीबी हे ठरतं; भांडण लागतं ते घड्याळावरून. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये यावं, तर सकाळी दहा वाजता पहाटेचे साडेचार. पाच तास तीस मिनिटं कुठं गेली? ग्रिनिचला. दोघंही आपापल्या परीनं बरोबर, म्हणून माघार कुणीच घेत नाही.

विंडोजची दुसरी खोड म्हणजे ‘फास्ट स्टार्टअप’. बंद केलं की ते बंद होत नाही, अर्धवट झोपतं. आणि झोपताना आपल्या फायलींवर हात ठेवून झोपतं. लिनक्सला त्या वाचता येतात, पण बदलायच्या म्हटलं की बहुधा नकार. (एवढी मालकी सातबाऱ्यावरही दिसत नाही.)

ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनं कित्येकांचं लिनक्स सुरूच होईना. दुहेरी मांडणी असेल तिथं ते अपडेट लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनंच आधी सांगितलं होतं. लिनक्सवालेही कमी नाहीत. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ‘ग्रब’च्या २०२१ च्या आवृत्तीपासून दुसरी प्रणाली शोधणं मुळातच बंद ठेवलेलं. कारण तेच, सुरक्षा. म्हणजे शेजारी दिसलाच नाही, तर धोका कसला?

एवढं करून लिनक्स कशासाठी हवं असतं? विचारू नका. जीएसटीचं विवरण भरायचंय, विंडोज उघडा.