काका, तुम्ही का थांबलात?

परवा चौकात लाल दिवा लागला आणि मी सायकल थांबवली. बस, एवढंच केलं. पण मागे जो गलका उठला त्यावरून वाटावं, मी भर रस्त्यात मांडव घातलाय. आधी एक हॉर्न, मग तीन, मग सामुदायिक आरती. शेवटी एका तरुणानं स्कूटर शेजारी आणली आणि काळजीच्या सुरात विचारलं, “काका, चेन पडली का?”

“नाही. लाल दिवा आहे.”

पंगतीत ‘जिलबी नको’ म्हटल्यावर वाढपी जसा बघतो, तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. मग दिव्याकडे बघितलं. आणि निघून गेला.

पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा सायकलवाल्याला पोलिसाची भीती होती. रात्री दिवा नसला की धरायचा. डबलसीट दिसली की धरायचा. करभरणीचा बिल्ला नसला तर विचारूच नका. दंडाला पैसे नसतील तर हवा सोडायचा आणि पंपासकट अक्कल शिकवायचा. छळ होता, पण दखल होती. आता मोटार वाहन अधिनियम, १९८८ उघडला तर सायकल त्याच्या व्याख्येतच बसत नाही, कारण तिला इंजिन नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, शिवाय तुरुंगाचीही सोय. पण हा सगळा मानपान मोटार वाहन चालवणाऱ्याचा. खांबावरचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. माझ्या मागच्या मडगार्डवर एक रिफ्लेक्टर आणि एक मारुती आहे. कॅमेऱ्याच्या लेखी मी त्या चौकात आलोच नव्हतो.

तरीही थांबायचं ठरवलं तर थांबायचं कुठे? सायकलवाल्यानं डावीकडून जावं, हे शाळेत असल्यापासून ऐकतोय. त्याप्रमाणे मी डावीकडे उभा राहतो. तिथेच ‘फ्री लेफ्ट’ची पाटी असते. म्हणजे मला सरळ जायचंय, माझा दिवा लाल आहे, मी नियमानं डावीकडे आहे आणि नियमानंच डावीकडे वळणाऱ्या समस्त जनतेच्या वाटेत आहे. मागचे कोकलतात, “ओ, फ्री लेफ्ट आहे!” जणू मी ते विकत घेऊन बसलोय. म्हणून एकदा उजवीकडे सरकून गाड्यांच्या मधोमध उभा राहिलो. तिथे एका मोटारीची काच खाली झाली आणि आतून गार हवेबरोबर प्रश्न आला, “मरायचंय का?” थांबण्याच्या रेषेवर जावं, तर रेषा सापडत नाही. तिच्यावर दुचाक्या असतात. पुढच्या झेब्रा पट्ट्यांवरही त्याच. पादचारी त्यांच्याही पुढे, चौकाच्या मध्यावर, देवाच्या भरवशावर.

सायकल ट्रॅक आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. तो चौकाच्या अलीकडे संपतो. जिथे सायकलवाल्याला खरी गरज, नेमका तिथेच तो आपला हात सोडतो. आणि संपेपर्यंतसुद्धा त्यावर उभ्या स्कूटरी, विजेची पेटी आणि भेळेची गाडी अशी मंडळी असतात. भेळ चांगली असते, ते कबूल करायला हवं.

समजा, हिरवा मिळाला. पिवळा साधारण तीन सेकंद राहतो. माझी सायकल ताशी बारा किलोमीटरनं चालते, म्हणजे तीन सेकंदांत दहा मीटर. चौक चाळीस मीटरचा. हिरव्याच्या शेपटाला निघालो तर पिवळा संपतो तेव्हा मी जेमतेम पाव चौक ओलांडलेला असतो. समोरच्यांचा हिशोब वेगळा. त्यांच्या टायमरवर आकडा पाचवर आला की त्यांचा हिरवा झाला. शाळेत ‘दोन गाड्या विरुद्ध दिशांनी निघाल्या’ अशी गणितं असायची, त्यातला भेटीचा बिंदू म्हणजे मी.

जगात या प्रश्नावर डोकं लावलेली माणसं आहेत. कोपनहेगनच्या नॉरेब्रो रस्त्यावर गर्दीच्या वेळी सिग्नल असे लावतात की ताशी वीसनं पेडल मारणाऱ्याला हिरव्यामागून हिरवा मिळत जातो. पॅरिसच्या पुष्कळ चौकांत सिग्नलच्या खांबावर छोटी त्रिकोणी पाटी असते, तिच्यावर पिवळी सायकल आणि बाण. पायी चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची आणि लाल असला तरी बाणाच्या दिशेनं जायचं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात तर १९८२पासून सायकलवाल्यांना सवलत आहे. आजच्या नियमाप्रमाणे लाल दिव्यापाशी पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, रस्ता मोकळा असेल तर निघायचं. आमच्या चौकानं हा नियम कोणताही ठराव न करता स्वीकारलाय. थांबणं आणि बघणं तेवढं गाळलं. शिवाय सवलत सायकलींपुरती ठेवण्याचा कोतेपणा केला नाही. बुलेट, रिक्षा, पाण्याचा टँकर, सगळे आयडाहोचे नागरिक.

शेवटी कोपऱ्यातल्या वाहतूक पोलिसाकडे गेलो. मोबाईलवरून नजर काढून त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं. भला माणूस. म्हणाला, “काका, तुम्ही थांबता कशाला? तुम्हाला कोण पकडतंय?” मी म्हटलं, पकडण्याचा प्रश्न नाही, जगण्याचा आहे. त्यानं थोडा विचार केला. “मग असं करा, उतरा आणि ढकलत न्या. मग तुम्ही पादचारी.”

तेव्हापासून तेच करतो. घरापासून कचेरीपर्यंत सात सिग्नल आहेत. सायकलवरून जायला चाळीस मिनिटं लागतात, त्यातली पंधरा पायी. डॉक्टर खूश आहेत. चालणं वाढलंय म्हणाले.