सिंहांची डोकी उडालेला रुपया

"माई, आहात का घरात? जरा कुंपणापाशी या ना. दूधवाल्यानं सुट्टे म्हणून काय दिलंय बघा!"

"आले, आले. हात पुसते... अगंबाई, सिंहांची डोकीच गेली की गं!"

"तेच तर. वर नुसता कोरा पत्रा. हे म्हणाले, खोटं असेल, वाण्याकडे खपवून टाक."

"त्यांना म्हणावं, खपवायची घाई नको. आमच्या मामंजींनी उभी हयात जुन्या बाजारात नाण्यांची पथारी मांडली, दर बुधवारी नि रविवारी. त्यांचं ऐकून ऐकून मलाही चार गोष्टी कळायला लागल्या. आता ते उलट. तसं नव्हे, वरची बाजू वरच ठेवून आडवं फिरव."

"फिरवलं. इकडेही वरचाच भाग कोरा. एकच्या आकड्याचा माथा गेलाय, कणसांची टोकंही गेलीत."

"मग लक्षण बरं आहे. टांकसाळीत चकती दोन ठशांच्या मध्ये येते आणि दोन्ही ठसे एकाच दणक्यात बसतात. म्हणजे चकती सरकली तर दोन्हीकडची नक्षी एकाच बाजूला सरकणार. करंजी साच्यात नीट बसली नाही की मुरड एकीकडेच पडते ना, तसंच हे. एकच बाजू कोरी असेल तर आधी कुणीतरी घासलंय असं समजायचं."

"हे नाणं जरा मोठंही वाटतंय हो. नेहमीच्या रुपयावर ठेवलं तर कड बाहेर येते."

"यायचीच. ठसा पडताना चकतीभोवती पोलादी कडं असतं, धातू पसरू नये म्हणून. ही कड्यात बसलीच नाही, म्हणून पसरली. पण धातू तेवढाच राहतो, तेव्हा वजन पुरं भरायला हवं. हा नव्वदीतला स्टीलचा रुपया, ४.८५ ग्रॅमचा. सोनाराच्या काट्यावर घालून बघ. चांगलाच कमी भरला तर कानस फिरलेली आहे."

"आणि सालाखाली ही चांदणी कसली? हीसुद्धा चूकच का?"

"छे गं! ती हैदराबादच्या टांकसाळीची खूण. मुंबईची चौकट, नोएडाचा गोल ठिपका आणि कोलकात्याची काहीच नाही. लोक त्या ठिपक्यालाच चूक समजून नाणं डब्यात जपून ठेवतात. आपली भाजीवाली नाही का, दहाच्या नाण्यावरच्या रेघा मोजत बसते? दहा असल्या तर घेते, पंधरा असल्या तर परत करते. दोन्ही खरी आहेत. रुपयाचं चिन्ह २०११ पासून नाण्यांवर आलं, नक्षी बदलली, एवढंच. दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय. पण तिला कोण समजावणार?"

"तिच्याशी वाद घालण्यापेक्षा भेंडी महाग घेतलेली परवडली! बरं, रुळावर ठेवून चेपलेलं नाणं चालतं का हो? आमच्या धाकट्याकडे आहे."

"ते नाण्याचे हाल झाले, टांकसाळीची चूक नव्हे. नाणं टांकसाळीतून बाहेर पडायच्या आधी जे बिघडलं, त्यालाच मोल. मामंजींकडे एकदा कड कातरलेलं नाणं आलं होतं. त्यांनी आधी कातरलेली जागा पाहिलीच नाही, तिच्या बरोबर समोरची कड पाहिली. चकतीच कातरलेली असेल तर समोरची कड नीट उठत नाही, बसकी राहते. मागाहून पक्कडीनं तोडलं तर समोरची कड ठसठशीत असते."

"आणि ते ‘लाखी’ म्हणतात ते काय असतं?"

"आधीचं नाणं ठशालाच चिकटून बसतं आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी तेच उमटतं. मग एका बाजूला सिंह उठावदार आणि दुसऱ्या बाजूला तेच सिंह खोल नि उलटे. घरात लाखी असलं की लाखांची बरकत येते म्हणतात. म्हणून तर लबाडी जास्त! दोन नाणी शेगड्यात दाबली की एकावर खोल ठसा उठतो, पण मग त्याची दुसरी बाजू चपटी होते. तिथेच चोर सापडतो."

"मग ह्याचे किती येतील? लाख?"

"आलीस ना लाखावर! कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या साहेबांचं ऐकलंस की नाही? वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं होतं त्यांच्याकडे. फोनवर कुणीतरी म्हणालं, दहा लाख देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा. यांनी भरले! बायकोला अजून सांगितलेलं नाही."

"काय सांगता! आणि बँकेत साहेब होते म्हणे."

"म्हणून तर जास्त लागलं. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच बजावलंय की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही, आम्ही कमिशन मागत नाही. शिवाय ते नाणं ढिगानं पाडलेलं. त्यात चूक कुठली नि दुर्मिळ काय?"

"मग किंमत ठरवायची तरी कशी?"

"नक्षी किती सरकली ते बघतात. केसभर सरकली तर कुणी विचारत नाही. निम्मी सरकून साल आणि खूण शाबूत असली तर गिऱ्हाईक थांबतं. तुझ्यात दोन्ही आहेत. मग चकाकी बघतात, म्हणून घासणी लावू नकोस हो, ओरखडा आला की भाव पडला. आणि जाहिरातीत मागतात तो भाव नव्हे, लिलावात हातोडा पडतो तो भाव. कॉइनेक्सचं प्रदर्शन भरलं की जा, तीन-चार जणांना दाखव, पहिल्याच्याच हातात ठेवून येऊ नकोस. शेकड्यांत जाईल, नशीब असलं तर हजारात. लाखाचं नाव काढेल त्याच्या समोरून उठायचं."

"एका रुपयाचे शेकडो झाले तरी काय वाईट? ह्यांना सांगतेच आता."

"सांग. पण कोपऱ्यावरच्या साहेबांच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

"का हो?"

"अगं, गेलेले पैसे भरून काढायला रात्रभर कानस चालेल त्यांच्या घरात. सकाळी कॉलनीतल्या एकाही रुपयावर सिंहाचं डोकं उरायचं नाही!"