चव्वेचाळीस हजारांत कसं बसावं

(अलोरे आणि पंचक्रोशीतल्या नवशिक्या अर्जदारांसाठी)

रेशनकार्ड काढायचं किंवा असलेल्या कार्डावर धान्य सुरू करून घ्यायचं मनात आलं, की माणूस आधी कागदपत्रं शोधायला लागतो. इथेच पहिली चूक होते. आधी रंग ठरवावा, मग त्या रंगाला शोभेल असं उत्पन्न ठरवावं आणि कागदाला सगळ्यात शेवटी हात घालावा. उलट क्रमाने गेलात तर उत्पन्न खरं निघण्याचा धोका असतो.

रंग तीन. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात तिरंगी कार्डं आली. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळं, त्याच्या वर पण एक लाखाच्या आत असेल तर केशरी आणि एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर शुभ्र. शुभ्र कार्डाबद्दल इथे काही सांगायचं नाही. ते ट्रंकेत ठेवायचं असतं.

पंधरा हजारांचा हिशेब एकदा कागदावर करून बघा. महिन्याला १,२५० रुपये, दिवसाला ४१. हे ४१ रुपये अख्ख्या घराचे; पाच माणसं असतील तर माणशी आठ. पुरुष माणूस अर्ज द्यायला एसटीने चिपळूणला जाऊन आला तर त्या दिवशी घरात कुणी जेवायचं नाही, असा या नियमाचा अर्थ होतो. बाईमाणसाला तिकीट अर्धं आहे, म्हणून अर्जाला शक्यतो बायकोलाच पाठवावं. तसंही अन्न सुरक्षा कायद्याने कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचंच नाव लागतं.

पिवळ्या कार्डाला आणखीही अटी होत्या. घरात कुणी डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट किंवा चार्टर्ड अकाउंटंट नसावा. (दिवसाला ४१ रुपये कमावणारा आर्किटेक्ट कुणाच्या डोळ्यांसमोर होता, कोण जाणे.) कुणी आयकर, विक्रीकर, व्यवसायकर भरत नसावा. चारचाकी नसावी. आणि घरात टेलिफोन नसावा! तेव्हा फोन हे श्रीमंतीचं लक्षण होतं. आता आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही, आणि ओटीपी आला नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. तेव्हा नवशिक्याने फोन जवळ ठेवावा, फक्त १९९९ सालात जाताना तो घरी विसरावा.

जमिनीची अट कोकणी माणसाने नीट वाचावी. दोन हेक्टर जिरायत, एक हेक्टर हंगामी बागायत किंवा अर्धा हेक्टर बारमाही बागायत, यापेक्षा जास्त जमीन नको. दुष्काळी तालुक्यांना दुप्पट सवलत. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, म्हणून आपण दुष्काळी नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीच्या धरणात साठतं, तिसऱ्या टप्प्याच्या ३२० मेगावॅटच्या वीजगृहातून फिरतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला जातं. एवढं पाणी दारावरून जातं आणि सातबारावर जमीन जिरायतच्या जिरायत! त्यात बरीचशी वरकस, म्हणजे डोंगरउतार. तिथे गवत उगवतं आणि वणव्यात जळतं. पण हेक्टर मोजताना गवताचा आणि भाताचा हेक्टर एकच धरला जातो. तुमच्या सातबारावर पणजोबांपासूनचे वारस सामायिक असतील आणि त्यातले निम्मे डोंबिवली-नालासोपाऱ्याला असतील, तर घाबरू नका. अशा सातबारावरून कुणाची जमीन किती हे आजवर भावाभावांना कळलेलं नाही, पुरवठा निरीक्षकाला कुठून कळणार?

आता मुख्य धडा. नुसता कार्डाचा रंग धान्य देत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दोन प्रकारचे लाभार्थी. अंत्योदय म्हणजे गरिबांतले गरीब, त्यांना कार्डामागे ३५ किलो. दुसरे प्राधान्य कुटुंब, त्यांना माणशी ५ किलो. आधी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता, १ जानेवारी २०२३ पासून सगळं फुकट. प्राधान्यात येण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि खेड्यात ४४,०००. अलोरे ग्रामपंचायत असल्यामुळे आपल्याला ४४,०००. हाच माणूस बिऱ्हाड उचलून चिपळूण नगरपरिषदेच्या हद्दीत गेला, तर त्याला वर्षाला १५,००० रुपये जास्त कमवायची परवानगी मिळते.

चव्वेचाळीस हजारांत बसण्याचा सराव असा करावा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने १४१ दिवस काम केलं तर होतात ४३,९९२ रुपये. आठ रुपये अजून शिल्लक आहेत. एकशे बेचाळिसाव्या दिवशी मात्र कितीही आग्रह झाला तरी कामावर जाऊ नये. उरलेले २२४ दिवस ओटीवर बसून काढावेत. बायकोने तर कुठेच कामाला जाऊ नये. काजू विकायचेच असतील तर मोजून विकावेत.

काहीच काम केलं नाही तर? तेही जमायचं नाही, कारण सरकार तुम्हाला गरीब राहू देत नाही. नवऱ्याच्या नावावर थोडी जमीन आहे. त्याला पीएम किसानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार. बायकोला लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५००, म्हणजे वर्षाचे १८,०००. हा एकच आकडा पिवळ्या कार्डाची मर्यादा ओलांडून जातो. घरात एकवीस वर्षांवरची अविवाहित मुलगी असेल तर तिचे आणखी १८,०००. बेरीज ४८,०००! कुणी बोटही न हलवता घर प्राधान्याच्या बाहेर. आणि लाडकी बहीणचा अर्ज भरताना पिवळं किंवा केशरी कार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता. कार्ड हाच पुरावा धरला होता. म्हणजे गरीब असल्याच्या पुराव्यावर पैसे मिळतात आणि पैसे मिळाले की पुरावा खोटा ठरतो. हे पैसे उत्पन्नात धरायचे का, असं खिडकीवर कुणी विचारू नये. विचारलं तर उत्तर मिळेल, हाच त्यातला धोका.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आपले सरकार केंद्रावर अर्ज करावा, भाऊसाहेब चौकशी करतात आणि तहसीलदारांच्या सहीने दाखला येतो. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात भाऊसाहेब म्हटल्याशिवाय मागे वळून बघत नाहीत. दाखला कशासाठी हवा ते आधी सांगावं. लाडक्या बहिणीला अडीच लाखांची मर्यादा, लेक लाडकीला एक लाख, रेशनला चव्वेचाळीस हजार आणि बँकेच्या कर्जाला जेवढं जास्त तेवढं चांगलं. एकाच घराची ही वेगवेगळी उत्पन्नं पूर्वी एकमेकांना न भेटता सुखाने नांदत होती. आधार सगळीकडे जोडल्यापासून ती एकमेकांना ओळखायला लागली आहेत, एवढं लक्षात ठेवावं.

कार्डावर माणसं किती ठेवायची, हा नाजूक विषय आहे. मुंबईचा मुलगा कार्डावर ठेवला तर पाच किलो धान्य वाढतं, पण त्याच्यासोबत त्याचा पगारही कार्डावर येतो. नाव कमी केलं तर ते तिकडे पुन्हा चढवताना त्याच्या नाकी नऊ येतात. आईच्या मते मुलाचं नाव घरच्या कार्डावर असावंच, मग धान्य मिळो न मिळो. या मताला शासन निर्णयात जागा नाही.

एवढं सगळं जमवून तुम्ही ४३,९९२ वर बसलात, तरी धान्य सुरू होईलच असं नाही. कारण पुढे इष्टांक आहे, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याचा ठरलेला आकडा. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या ७६.३२ टक्के आणि शहरी भागातल्या ४५.३४ टक्के लोकांना या कायद्याखाली धान्य मिळतं, एकूण सुमारे सात कोटी. हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर जन्मलेली मुलं आता दहावीच्या आसपास आली, आकडा तिथेच. म्हणून ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे वाक्य नवशिक्याने आधीच पाठ करून जावं, कारण कुणी मयत झालं, लग्न होऊन गेलं किंवा अपात्र ठरलं तरच जागा होते. आधीपासून यादीत असलेल्यांनाही स्वस्थ बसता येत नाही. ई-केवायसी आहेच. जन्मभर भात लावलेल्या म्हाताऱ्यांचे अंगठे ई-पॉस मशीन ओळखत नाही, म्हणून आता चेहरा दाखवून ई-केवायसीची सोय झाली आहे. चेहरा अजून झिजलेला नसतो.

माझं मत विचाराल तर अर्जदार खोटं लिहितात हा या सगळ्यातला सर्वांत लहान दोष आहे. सरकारी नोकराचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा तपासला जातो. अमेरिकेत अन्नसाहाय्याची उत्पन्नमर्यादा दर वर्षी १ ऑक्टोबरला नव्याने ठरते. आपल्या पिवळ्या कार्डाचे पंधरा हजार १९९९ चे आणि केशरीचा लाखही तेव्हाचाच. रोज मजुरीला जाणाऱ्या नवरा-बायकोला खरं लिहून या आकड्यांत बसता येत नाही, आणि २०२१ च्या अपात्र कार्ड शोध मोहिमेत तर खाजगी कंपनीतल्या कामगाराचं उत्पन्न लाखाच्या वर दिसलं की कार्ड रद्द करायचं होतं. महिन्याला ८,३३४ रुपये मिळवणारा तो कामगार श्रीमंत ठरला.

म्हणून शेवटची सूचना, आणि ही मात्र खरी. अर्जात आपलं उत्पन्न आहे तेवढंच लिहा. नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कारण आणि तारीख लेखी मागा. अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी दिलेला आहे, त्याच्याकडे तो कागद घेऊन जा. हेल्पलाइन १९६७.